वाचकांचे प्रश्न : आर्दां द्यु पिक आणि लढाईतली भीती

प्रश्न : कर्नल आर्दां द्यु पिक यांना इतिहासकार म्हणायचं की सेनाधिकारी? त्यांनी लिहिलं तरी किती? (धरमपेठ, नागपूर)

उत्तर : दोन्ही म्हणा. जन्म १८२१, फ्रान्समधलं पेरिग्यो. सँ-सीरच्या लष्करी विद्यालयातून १८४४ मध्ये ते बाहेर पडले. क्रिमियन युद्धात, सप्टेंबर १८५५ मध्ये सेवास्तोपोलच्या हल्ल्यात रशियनांच्या कैदेत सापडले, डिसेंबरात सुटले. पुढे सीरिया, अल्जीरिया आणि १८६९ मध्ये १०व्या पायदळ रेजिमेंटचं नेतृत्व. फ्रान्स-प्रशिया युद्धात १५ ऑगस्ट १८७० ला मेत्सजवळ प्रशियन तोफगोळ्याने घायाळ झाले आणि १८ तारखेला गेले. प्राचीन लढाईवरचा भाग त्यांनी १८६८ मध्ये छापला होता. आधुनिक लढाईवरची टिपणं अर्धवटच राहिली. ती १८८० मध्ये पुस्तकरूपात आली. इंग्रजी भाषांतर १९२१ चं आहे.

प्रश्न : त्यांचं मुख्य म्हणणं काय? (रामदासपेठ, नागपूर)

उत्तर : माणसाला मरायची भीती वाटते, आणि लढाईचा विचार तिथूनच सुरू करायला हवा. दोन फळ्या एकमेकींवर खरोखर आदळतात, असं क्वचितच होतं. त्याआधीच एकीचा धीर सुटतो. कत्तल होते ती पाठ फिरवल्यावर. सीझर आणि पाँपी या रोमन सेनानींमधल्या फार्सालसच्या लढाईचे आकडे पाहा. सीझरने स्वतः लिहिलंय की त्याचे सुमारे २०० शिपाई पडले आणि पाँपीचे १५,०००. समोरासमोर बरोबरीने लढताना एवढा फरक पडत नाही. एकमेकांना ओळखणारी, एकमेकांवर नजर असणारी माणसं टिकतात, हा त्यावरचा त्यांचा उपाय. पहिल्या महायुद्धात, १९१४ मध्ये फ्रेंचांनी केलेल्या आंधळ्या चढाईचं खापर त्यांच्यावर फोडतात, ते आम्हाला मान्य नाही. नव्या बंदुकांपुढे दाट रांगा टिकणार नाहीत, हे त्यांनी आधीच ओळखलं होतं.

प्रश्न : सीताबर्डीची लढाई त्यांच्या पद्धतीने अभ्यासता येईल का? (महाल, नागपूर)

उत्तर : येईल, आणि जरूर करावी. द्यु पिक यांनी लढून आलेल्या अधिकाऱ्यांना प्रश्नावली पाठवली होती. तुकडी कशी उभी होती? गोळीबार किती अंतरावर सुरू झाला? माणसं आधी बटालियनप्रमुखाच्या, मग कॅप्टनच्या, मग खालच्या नायकाच्या हाताबाहेर कधी गेली? हेच प्रश्न इंग्रज आणि नागपूरकर भोसले यांच्यातल्या या लढाईला, म्हणजे २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला लावा.

आधी सीताबर्डीची मोठी टेकडी, धाकटी टेकडी आणि मधली जागा कागदावर काढा. त्या दोन दिवसांचे तासागणिक रकाने पाडा आणि प्रत्येक रकान्यात एवढंच लिहा : कोण कुठे होतं, त्याला काय दिसत होतं. २७ ला सकाळी भोसल्यांच्या फौजेतल्या अरबांनी धाकटी टेकडी घेतली. पुढे इंग्रजांकडच्या कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाने मैदानात मुसंडी मारून भोसल्यांच्या तोफा घेतल्या, आणि टेकडीवरच्या इंग्रजांच्या शिपायांना ते दिसत होतं. त्यानंतर धाकटी टेकडी इंग्रजांनी परत घेतली. द्यु पिक इथेच थांबले असते : अरबांच्या मनात नेमक्या त्या घटकेला काय चाललं होतं?

घोटाळा होतो तो साधनांमुळे. इंग्रजी खलिते जिंकणाऱ्याने, लढाई संपल्यावर लिहिलेले. ‘संगिनीने हाकललं’ असं वाचलं की लगेच हातघाई झाली असं धरू नका; संगिनीच्या जखमांचा उल्लेख आहे का, ते पाहा. नसेल, तर समोरचे आधीच वळले असण्याची शक्यता जास्त. भोसल्यांच्या फौजेचे आकडेही अंदाजाचे आहेत. ते वेगळ्या शाईने लिहा.