शाळेच्या स्नेहसंमेलनाला लागणाऱ्या सुरक्षा तपासणीची सरकारी फी माफ होते का?

तुम्ही विचारलंय की पुण्यातल्या तुमच्या अनुदानित मराठी शाळेचं स्नेहसंमेलन डिसेंबरअखेर मैदानात मंडप घालून करायचं आहे, तर अग्निशमन दलाचा दाखला आणि विद्युत निरीक्षकांची तपासणी यांची फी माफ करून मिळते का, आणि सरकारनं ती सगळ्याच शाळांना माफ करायला हवी की नाही. पुण्यातल्याच एका शाळेत मी बरीच वर्षं स्नेहसंमेलनाच्या परवानग्यांची धावपळ केली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माफी जरूर मागा. फक्त अर्जात काय मागताय ते नीट लिहा. 'तपासणीतून सूट मिळावी' असं लिहिलेले अर्ज मी पाहिलेत. लिहिणाऱ्याच्या मनात फी असते, पण कागदावर तपासणीच नको असा अर्थ होतो. 'तपासणी ठरल्याप्रमाणे व्हावी, केवळ शुल्क माफ व्हावं' हे वाक्य जसंच्या तसं अर्जात घाला.

आता अर्ज कोणाकडे करायचा? अग्निशमन दल महापालिकेचं, विद्युत निरीक्षक राज्य सरकारच्या ऊर्जा विभागाचे. एकाची फी पालिकेच्या तिजोरीत जाते, दुसऱ्याची सरकारच्या. त्यामुळे एका पत्रावर दोन्ही कामं होत नाहीत. खिडकीवरच्या माणसाशी वाद घालू नका, माफीचा अधिकार त्याच्या हातात नसतो. पालिकेचं पत्र आयुक्तांच्या नावे द्या, प्रत अग्निशमन दलाला आणि शिक्षण विभागाला, आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. हे दोन महिने आधी करा. उत्तर आलं नाही तर फी भरून मोकळे व्हा. माफीची वाट बघता बघता तपासणीची तारीख हुकली असं होऊ देऊ नका.

माझ्या मते ही फी शाळांना सरसकट माफच व्हायला हवी, आणि त्याचं कारण पैशापुरतं नाही. छोट्या शाळेचं संमेलन पालकांच्या वर्गणीवर चालतं. मंडप, लाईट, स्पीकर, कपडे, खाऊ असा हिशेब मांडत शेवटी जिथे कात्री लावता येते अशी एकच ओळ उरते, ती तपासणीची. मग कोणीतरी म्हणतं, 'शाळेच्या आवारातला घरचा कार्यक्रम, कोण विचारतंय?' आमच्याकडेही एका वर्षी असंच ठरलं. त्या वर्षी रंगमंचामागे लावलेला हॅलोजन कनातीला टेकला. कार्यक्रम सुरू असताना जळका वास आला, एका पालकांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला. कापडाला बशीएवढं भोक पडलं होतं, कडा अजून लाल होत्या. पलीकडच्या बाजूला नाचासाठी रांगेत उभी असलेली तिसरीची मुलं होती. ते भोक आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे.

पुढच्या वर्षी आम्ही फी भरली. दुपारी चारला निरीक्षक आले आणि थेट रंगमंचामागे गेले. सतरंजीची कड उचलली तर खाली वायरीचा जॉइंट, नुसत्या टेपनं गुंडाळलेला. धूळ उडू नये म्हणून सकाळी मैदानावर पाणी मारलं होतं, त्या ओलीतच तो पडला होता. त्याच जागेवरून नऊवारीतल्या पाचवीच्या मुली अनवाणी जाणार होत्या. लाईटवाल्याच्या बोर्डावर ईएलसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच, नव्हता. तो बसवून, वायर उंचावरून फिरवून, जनरेटरचं अर्थिंग दाखवल्याशिवाय त्यांनी सही केली नाही. आम्हा शिक्षकांना ते कधीच दिसलं नसतं. आम्ही झालरी आणि फुलं बघत होतो.

23 डिसेंबर 1995 ला हरियाणातल्या डबवालीत एका शाळेचा बक्षीस समारंभ मंडपाखाली चालू होता. विजेमुळे मंडपाला आग लागली, पेटतं कापड खाली बसलेल्यांवर कोसळलं, आणि बाहेर पडायला पुरेशी वाट नव्हती. चारशेहून जास्त माणसं गेली, त्यात निम्म्याहून अधिक मुलं. दिवस आपल्या संमेलनांच्या हंगामातलेच होते. 2004 मध्ये कुंभकोणमच्या शाळेच्या आगीत 94 मुलं गेली, आणि त्यानंतरच्या खटल्यात 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सुरक्षित शाळा हा मुलांच्या शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला. अर्जात हा मुद्दा घ्या. सुरक्षितता हा मुलाचा हक्क असेल तर ती तपासून घेण्याचे पैसे त्याच्या पालकांच्या वर्गणीतून का जावेत?

दुसरा मुद्दा गणेश मंडळांचा. 2022 मध्ये राज्य सरकारनं मंडळांना मंडपाच्या नोंदणी शुल्कातून सूट दिली. सार्वजनिक उत्सवांना महावितरण सवलतीच्या दरात तात्पुरती वीजजोडणी देतं. मंडळांना मिळालं याचा मला आनंदच आहे, मी स्वतः पेठेतल्या मंडळाचा कार्यकर्ता होतो. पण पुण्यात मंडपाला सवलत देता येते हे एकदा मान्य झालं, तर शाळेचा एका संध्याकाळचा मंडप त्यात का बसू नये, हे नगरसेवकांना आणि आमदारांना विचारा. एकट्या शाळेनं विचारण्यापेक्षा परिसरातल्या चार-पाच मुख्याध्यापकांच्या सह्या घेऊन जा.

एक सांगायलाच हवं. फी माफ झाली म्हणून जबाबदारी माफ होत नाही. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानं आगीपासून बचावाची व्यवस्था ठेवण्याची जबाबदारी जागेच्या मालकावर आणि ती वापरणाऱ्यावर टाकली आहे, म्हणजे संस्थेवर आणि तुमच्यावर. मंडपवाल्याशी बोलतानाच बाहेर पडायच्या वाटा किमान दोन, समोरासमोर आणि खुर्च्या न लावता मोकळ्या, असं लिहून घ्या. ध्वनिक्षेपकाची पोलीस परवानगी वेगळी लागते आणि उघड्या मैदानात रात्री दहाला आवाज बंद करावा लागतो, तेही वेळापत्रकात धरा.

आणि तपासणीची वेळ मागताना मंडपाचा सांगाडा उभा राहिल्यानंतरची पण पडदे लागण्याआधीची मागा. पडदे लागले की मागच्या वायरी कोणालाच दिसत नाहीत. अर्जाचा मसुदा तयार झाला की इथे टाका, मी वाचून देतो.