जुने आर्टकॅम आणि गणपतीच्या गालावरच्या पायऱ्या

प्रश्न : सागवानी दारावर बसवण्यासाठी ६०० × ९०० मि.मी. मापाचा गणपती मी सीएनसी राउटरवर (संगणकाच्या आज्ञेने लाकूड कोरणाऱ्या यंत्रावर) कोरला. सॉफ्टवेअर २०१० च्या सुमाराचे, परवाना असलेले आर्टकॅम प्रो आहे. करड्या छटांच्या जेपेग चित्रावरून १५ मि.मी. खोलीचा उठाव (चित्रातल्या छटेप्रमाणे उंच-सखल होणारे त्रिमितीय रूप) केला, तर गालावर आणि सोंडेवर बारीक पायऱ्या उमटल्या, डोळ्यांची रेषाही पुसट आली. स्टेपओव्हर (कोरणाऱ्या बिटच्या दोन शेजारच्या फेऱ्यांमधले अंतर) ०.२ मि.मी. ठेवूनही फरक पडला नाही. नवे सॉफ्टवेअर घ्यावे का? – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : केवळ या दोषासाठी नवे सॉफ्टवेअर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण दोष मूळ चित्रात आहे आणि तेच चित्र नव्या सॉफ्टवेअरमध्ये घातले तरी पायऱ्या बहुतेक तशाच राहतील. साध्या करड्या चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत फक्त २५६ छटा असतात. त्या १५ मि.मी. खोलीवर पसरल्या की प्रत्येक छटेच्या वाट्याला सुमारे ०.०६ मि.मी. उंची येते. गाल ६० मि.मी. अंतरात जेमतेम २ मि.मी. चढत असेल, तर त्यावर तेहतीसेक पायऱ्या पडतात आणि प्रत्येक पायरी जवळजवळ २ मि.मी. रुंद होते. पॉलिश चढल्यावर तिरप्या उजेडात त्या लगेच नजरेत भरतात. जेपेगमुळे कडांभोवती खरबरीतपणा येतो, तो वेगळाच.

म्हणून शक्य असेल तेथे चित्राऐवजी त्रिमितीय एसटीएल फाइल (छटा नव्हे, तर पृष्ठभागाचा आकारच साठवणारी) आयात करावी. चित्रच वापरावे लागले, तर संपूर्ण उठाव गुळगुळीत न करता फक्त गाल, सोंड आणि पोट निवडून स्मूदिंग करावे. सरसकट केल्यास मुकुटाची धार आणि सुळ्याचे टोकही बोथट होते.

डोळ्यांचा प्रश्न मात्र मॉडेलच्या रिझोल्यूशनचा, म्हणजे बिंदूंच्या दाटपणाचा दिसतो. नवे मॉडेल उघडताना १००० × १५०० बिंदू ठेवले असतील, तर दोन बिंदूंमधले अंतर ०.६ मि.मी. होते, आणि पापणीच्या १ मि.मी. रेषेला एकदोनच बिंदू मिळतात. अशा वेळी ०.२ मि.मी. स्टेपओव्हर म्हणजे त्याच अपुऱ्या माहितीवरून बिट तीनदा फिरवणे. उठाव तयार झाल्यावर बिंदू वाढवून हरवलेला तपशील परत येत नाही, त्यामुळे सुरुवातीलाच ते ३००० × ४५०० ठेवावेत. अशा जुन्या ३२-बिट प्रोग्रामला साधारणपणे २ जीबीच मेमरी मिळते, हे लक्षात घेऊन नको असलेले उठाव काढून टाकावेत आणि फाइल वारंवार जतन करावी.

वेळेचाही विचार व्हावा. ०.२ मि.मी. स्टेपओव्हरने ९०० मि.मी. लांबीच्या ३००० फेऱ्या होतात. मिनिटाला ३ मीटर वेग धरला तरी फिनिशिंगलाच १५ तास लागतात. २ मि.मी. व्यासाच्या, गोल टोकाच्या बॉलनोज बिटने ०.३ मि.मी. स्टेपओव्हर ठेवल्यास सपाट भागावर उरणाऱ्या कंगोऱ्यांची उंची सुमारे ०.०१ मि.मी. असते, जी पॉलिश पेपरच्या हलक्या हाताने निघते, आणि काम १० तासांत होते. वाचलेल्या वेळात फक्त चेहऱ्यावर १ मि.मी. बिटने वेगळी फेरी द्यावी; डोळे त्यातच उघडतील.

खरी काळजी परवान्याची आहे. ऑटोडेस्कने २०१४ मध्ये आर्टकॅम बनवणारी डेलकॅम कंपनी घेतली आणि २०१८ मध्ये आर्टकॅमची विक्री थांबवली. पुढे त्याच पायावर कार्व्हेको हे सॉफ्टवेअर उभे राहिले. त्यामुळे जुना परवाना नव्याने सुरू करून मिळेलच, असे धरून चालू नये. आपला जुना संगणक चालू आहे तोवरच प्रत्येक उठावाची एसटीएल प्रत काढून दोन ठिकाणी ठेवावी आणि विंडोज नव्याने टाकण्याची घाई करू नये.