कर्ता कोण, ते आधी लिही

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. विधानसभेच्या निवडणुकीला वर्ष उलटून गेल्यावर तुमच्या नेत्यांनी मेळाव्यात ‘पराभवाची संपूर्ण जबाबदारी माझी’ असं म्हटलं. ते वाक्य तू लिहून दिलं होतंस, आणि दुसऱ्या दिवशी नाशिकच्या रविवार कारंजावर चहा पिणारी माणसं त्यावर हसत होती. तुला ते लागलं. ‘माणूस चूक कबूल करतोय, तरी लोक विश्वास का ठेवत नाहीत,’ असं तू विचारतेस. तुझा राग लोकांवर आहे, आणि तिथेच तू चुकतेस. लोक निर्दय नाहीत. त्या वाक्यात कबूल केलेलं काही नव्हतंच.

निर्णयाचं नाव घ्यायला हवं होतं. मी अमुक निर्णय अमुक दिवशी घेतला आणि तो चुकला, एवढं सांगायचं होतं. जबाबदारी स्वीकारणं याचा मला दुसरा अर्थ माहीत नाही, आणि या वयात मी तो शिकणारही नाही.

तू व्याकरण शिकलेली आहेस, म्हणून त्याच भाषेत सांगतो. ‘चुका झाल्या’ या वाक्यात कर्ता चुकाच आहेत, म्हणजे त्या आपल्या आपण झाल्या. ‘उमेदवारी उशिरा जाहीर केली गेली’ हा कर्मणी प्रयोग, त्यात करणारा गायब. ‘आम्ही कमी पडलो’ यात कर्ता आहे, पण कशात कमी पडलात ते नाही. ‘आमचं काम लोकांपर्यंत पोहोचवण्यात कमी पडलो’ हे तर सगळ्यांत वाईट, कारण त्याचा अर्थ असा होतो की काम चांगलंच होतं, लोकांना कळलं नाही. ऐकणाऱ्याला ते बरोबर कळतं. ‘नैतिक’ हा शब्दही काढून टाक. नैतिक जबाबदारी म्हटलं की प्रत्यक्ष जबाबदारी दुसऱ्या कुणाची तरी आहे, असं सुचतं. आणि ‘संपूर्ण’ नको. सगळं माझं म्हणणारा एकाही गोष्टीचं नाव घेत नाही.

आपल्याच जिल्ह्यातलं बघ. २०२४ च्या लोकसभेनंतर सत्तेतले नेते उघडपणे म्हणाले की नाशिक पट्ट्यात कांद्याने फटका दिला. त्या वाक्यात कर्ता कांदा आहे. पण कांद्याने काय केलं? १९ ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली. डिसेंबरात बाजारात येतो तो लाल कांदा. उन्हाळ कांद्यासारखा तो चाळीत महिनोन् महिने राहत नाही, काढला की मिळेल त्या भावाने द्यावा लागतो. म्हणजे ज्याला थांबताच येत नव्हतं, त्याच शेतकऱ्यावर बंदी पडली. ती उठली ४ मे २०२४ ला, तीही टनाला किमान ५५० डॉलर मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. दिंडोरीत मतदान होतं २० मेला. सोळा दिवसांत कोणाची भरपाई होते? तिथे केंद्रात राज्यमंत्री असलेल्या उमेदवार पडल्या. ‘८ डिसेंबरचा निर्णय चुकला, तो आमच्या सरकारने घेतला, आणि लाल कांदा टिकत नाही हे माहीत असूनही मी विरोधात बोललो नाही,’ असं कुणी म्हटलं असतं, तर निफाडच्या शेतकऱ्याने निदान उभं राहून ऐकलं असतं. त्याला बाजार समितीत हिशेबपट्टी मिळते, तिच्यावर वजन, भाव, कपात आणि हातात पडलेली रक्कम लिहिलेली असते. ‘यंदा तुझा माल गेला, वाईट वाटतं’ एवढंच लिहिलेली पट्टी तो घेईल का?

शहराचीही तीच गोष्ट. महायुतीत नाशिकची जागा कुणाची, यावर घोळ चालला. छगन भुजबळांनी १९ एप्रिलला माघार जाहीर केली, हेमंत गोडसेंचं नाव १ मेला आलं, अर्जाची मुदत ३ मेला संपत होती. महाविकास आघाडीचे राजाभाऊ वाजे दीड लाखाहून जास्त मतांनी निवडून आले. ते वाया गेलेले दिवस कुणी कुणाच्या नावावर लिहिले?

आता दुसरी बाजू, म्हणजे तुमची. त्या उन्हाळ्यात नाशिक, दिंडोरी आणि मालेगावला जोडलेली धुळ्याची जागा, तिन्ही आघाडीकडे गेल्या. सहा महिन्यांनी जिल्ह्यातल्या १५ विधानसभा जागांपैकी १४ महायुतीने घेतल्या. तेच मतदार, तेच बूथ. इतक्या उलथापालथीला एखादं कारण पुरत नाही, पण कारण सांगताना तुमच्याकडचे काय म्हणाले? लाडक्या बहिणींच्या १५०० रुपयांनी हरवलं. पुन्हा कर्ता दुसराच, आणि वर सातपूर-सिडकोतल्या बायकांचा अपमान. अर्जाची मुदत २९ ऑक्टोबरला संपत होती आणि तुमचं जागावाटप त्या आठवड्यातही चालूच होतं, हे मेळाव्यात का आलं नाही? अगं, रविवार कारंजावरच्या माणसाला ते पाठ आहे. त्याला माहीत असलेलंच तुम्ही वगळता, मग तो हसणार नाही तर काय करणार?

राजीनाम्यानेही भागत नाही. ५ जून २०२४ ला देवेंद्र फडणवीसांनी पराभवाची जबाबदारी घेतली आणि सरकारमधून मोकळं करा, अशी पक्षाकडे मागणी केली. ही मागणी नेमकी होती, एवढं मी मान्य करतो. पण त्याच सुमारास दोन्ही बाजूंच्या मतांत किती थोडा फरक होता, याचंही गणित त्यांनी मांडलं. पक्षाने त्यांना सोडलं नाही आणि ५ डिसेंबरला ते मुख्यमंत्री झाले. त्यांच्या माणसांनी याला जिद्द म्हटलं, इतरांनी देखावा. कबुली आणि बचाव एकाच व्यासपीठावर आले की ऐकणारा आपल्याला हवं ते उचलतो. राहुल गांधींनी तर २०१९ मध्ये ५२ जागांवर अडकल्यावर खरोखर काँग्रेसचं अध्यक्षपद सोडलं, ३ जुलैला चार पानी पत्र लिहिलं. तरी शंका उरली. १० ऑगस्टला पद पुन्हा त्यांच्याच घरात, हंगामी म्हणून गेलं, आणि निवडून आलेला अध्यक्ष मिळायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. खुर्ची रिकामी केली, पण उमेदवार कुणी ठरवले आणि आघाड्या कुणी मोडल्या, याचा हिशेब कागदावर आला नाही.

बिहारचं उदाहरण तू स्वतःच दिलंस. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रशांत किशोर यांच्या जनसुराज पक्षाला एकही जागा मिळाली नाही. त्यांनी शंभर टक्के जबाबदारी घेतली आणि भितिहरवाच्या गांधी आश्रमात एक दिवस मौन उपवास केला. तुला ते भावलं, आणि त्या उपवासावर संशय घ्यायचं मलाही कारण नाही. पण नितीशकुमारांच्या जदयूला २५ हून जास्त जागा मिळाल्या तर राजकारण सोडेन, असं ते आधी म्हणाले होते. जदयूला ८५ मिळाल्या. त्यावर ‘माझ्याकडे पदच नाही, सोडू काय’ अशा अर्थाचं उत्तर आलं. लोकांच्या लक्षात उपवास राहिला नाही, २५ चा आकडा राहिला. म्हणून निवेदन लिहिण्याआधी नेत्यांची प्रचारातली सगळी भाषणं काढ. त्यांनी कुठे पैज मारली असेल, तर त्या पैजेचं उत्तर पहिल्या परिच्छेदात आलं पाहिजे.

तू मला हटवादी म्हणशील. म्हण. ‘जनादेश नम्रपणे स्वीकारतो, आत्मचिंतन करू’ अशी वाक्यं रचून देणाऱ्यांत मीही होतो. ती सुरक्षित असतात, कुणी दुखावत नाही, दुसऱ्या दिवशी छापून येतात. त्यांच्यामुळे खरी कबुलीही ऐकू येईनाशी झाली, त्यात माझा वाटा आहे. नेत्यांना सांभाळणं हेच आमचं काम होतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते अर्धंच खरं होतं. म्हणून तुझ्याशी गोड बोलत नाही.

आता काम. पराभवाला कायद्याने मुदती आहेत, त्या भिंतीवर लिहून ठेव. मतदानयंत्रांबद्दल शंका असेल तर निकालापासून ७ दिवसांत दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला ५ टक्क्यांपर्यंत यंत्रांच्या तपासणीचा अर्ज करता येतो, ठरलेलं शुल्क भरून. ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, न दिल्यास ३ वर्षं अपात्र ठरवता येतं. ४५ दिवसांत निवडणूक याचिका. या तिन्ही मुदती गेल्यावर मेळाव्यात ईव्हीएमचं नाव काढायचं नाही, आणि तुमच्या नेत्यांनी काढलं. अर्ज केला होता का, एवढंच लोक विचारतात. पैशाचा हिशेब महिन्यात द्यावा लागतो, निर्णयांचा हिशेब कोणी मागत नाही. तो आपणच त्या ३० दिवसांत द्यायचा, असा नियम तुमच्यापुरता करा.

त्यासाठी आकडे लागतात. २०१९ आणि २०२४ चे फॉर्म २० उतरवून घे, त्यात बूथनिहाय मतं असतात. बूथ क्रमांकावर जुळवू नकोस, क्रमांक बदलतात. एका बूथची १५०० मतदारांची मर्यादा २०२५ मध्ये १२०० केली आहे, त्यामुळे पुढे आणखी बदलतील. शाळेचं नाव आणि मतदारयादीचा भाग यांवर जुळव. मग तोटा कसा पसरलाय ते पाहा. सगळीकडे सारखा असेल तर चूक वरची आहे: उमेदवार, जागावाटप, भूमिका. दहा ठिकाणी खोल खड्डा आणि बाकी ठीक असेल, तर तिथे संघटना नव्हती किंवा स्थानिक भांडण नडलं. मतदान संपताना बूथवर बसलेल्या पक्षाच्या प्रतिनिधीला फॉर्म १७सी, म्हणजे तिथे किती मतं पडली त्याची नोंद, मिळतो. तुमच्या कार्यालयात किती १७सी जमा आहेत ते मोज. एकूण बूथ वजा ते कागद, म्हणजे साधारण तुमचा माणूस शेवटपर्यंत न बसलेले बूथ. हा आकडा नेत्यांना आवडणार नाही, आणि निवेदनात तोच हवा.

बाहेरचं कारण खरंही असतं. साताऱ्यात लोकसभेला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ या चिन्हावरच्या शरद पवार गटाच्या उमेदवाराचा ३२ हजारांनी पराभव झाला आणि नुसत्या ‘तुतारी’ चिन्हाच्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं गेली. ते सांगावंच, पण स्वतःच्या निर्णयानंतर. क्रम उलटला की कबुली मेली.

मसुदा असा कर. पहिल्या वाक्यात निर्णय आणि तारीख. दुसऱ्यात त्याने कुणाचं नुकसान झालं: तिकीट हुकलेला कार्यकर्ता, एकटा पडलेला उमेदवार. तिसऱ्यात नेते स्वतःच्या हातातलं काय सोडतात. राजीनामा आपल्याच गटाच्या बैठकीत देऊन तिथेच एकमुखाने फेटाळून घ्यायचा प्रकार नको. शहरातली उमेदवारी ठरवण्याचा अधिकार पुढच्या निवडणुकीपुरता दुसऱ्याकडे द्यावा, आणि ज्याच्याकडे दिला त्याचं नाव लिहावं. चौथ्यात बूथचा तक्ता कोणत्या तारखेला कार्यालयाबाहेर लावणार ते. बस, चार वाक्यं. ‘कुटुंब’, ‘संघर्ष’, ‘वादळ’ यातलं काही नको.

नेते म्हणतील, विरोधक याचं भांडवल करतील. करतील, आठवडाभर. ते म्हणतील, निर्णय माझ्या एकट्याचा नव्हता. मग त्यातला त्यांचा होता तेवढा लिहायचा. ते नाहीच म्हणाले, तर मसुदा बदलून देऊ नकोस. निवेदन दुसरं कुणी लिहील. तुझी नोकरी जाईल अशी मला भीती वाटते, आणि तरीही मी हेच सांगतोय.

तू पाठवलेल्या कच्च्या मसुद्यात पहिल्या ओळीत तारखेची जागा कोरी आहे. ती तुला माहीत आहे, त्या बैठकीची टिपणं तूच घेतली होतीस. ती भर आणि गुरुवारपर्यंत परत पाठव. पंचवटीतल्या बूथची बेरीज झाली असेल तर तीही जोड, आणि १७सी किती सापडले ते वेगळ्या कागदावर लिही.

तुझा,
काका