'हेत्वाभास' म्हणावे की 'तर्कदोष'?

प्रश्न असा आहे: प्रतिपक्षाच्या वागण्यावर घसरणे, त्याने न केलेले विधान त्याच्या तोंडी घालणे, बहुसंख्यांचा दाखला पुरावा म्हणून देणे, अशा सगळ्या चुकांना 'हेत्वाभास' म्हणता येईल का?

सरसकट नाव हवे असल्यास मला 'तर्कदोष' हाच शब्द योग्य वाटतो. 'हेत्वाभास' ही न्यायशास्त्राची, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राची, परिभाषा असून तिचा संबंध केवळ हेतूशी, म्हणजे अनुमानात दिलेल्या कारणाशी आहे. जे कारणासारखे भासते, परंतु साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचे ते, सिद्ध करू शकत नाही, तो हेत्वाभास. गौतमाच्या न्यायसूत्रांत त्याचे ५ प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी रोजच्या वादांत सर्वांत जास्त भेटतो तो सव्यभिचार: हेतू असूनही साध्य नसल्याचे एखादे उदाहरण सापडले, की तो उघडा पडतो. धुरावरून अग्नीचे अनुमान टिकते. अग्नीवरून धुराचे टिकत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, पण धूर नसतो. 'इतके लोक हा उपचार घेतात, म्हणून तो गुणकारी आहे' या विधानालाही हीच कसोटी लावावी. युरोपात शतकानुशतके तापावर रक्त काढण्याचा उपचार सर्रास होत असे, हे एकच उदाहरण ते विधान खोडायला पुरेसे आहे.

'तो स्वतः सिगारेट ओढतो, म्हणून सिगारेट घातक असल्याचे त्याचे म्हणणे खोटे' हाही सव्यभिचारच आहे. मात्र नुसते 'तो मूर्ख आहे' म्हटल्यास तेथे हेतूच नाही, त्यामुळे हेत्वाभासही नाही. ती केवळ शिवी आहे.

न केलेले विधान तोंडी घालण्याला न्यायशास्त्रात 'छल' हे वेगळे नाव आहे, आणि न्यायसूत्रांच्या १६ पदार्थांत, म्हणजे विवेचनाच्या विषयांत, हेत्वाभास व छल स्वतंत्रपणे मोजलेले आहेत. 'मुलांच्या हाती मोबाइल कमी द्यावा' यावर 'म्हणजे तुम्हाला तंत्रज्ञानच नको आहे' असे उत्तर येते, तेव्हा मर्यादित अर्थाचे वाक्य अवाजवी ताणून त्याचे खंडन केलेले असते. याला सामान्यछल म्हणता येईल. (कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते, त्या 'काकतालीय न्याया'चे नाव कधी कधी तर्कदोषांच्या यादीत घुसडले जाते, पण ते योगायोगाचे नाव आहे, योगायोगाला कारण समजण्याच्या दोषाचे नव्हे.)

ओघाने 'वितंडवाद' या शब्दाविषयीही सांगावेसे वाटते. मराठीत तो निरर्थक भांडणासाठी रुळला आहे आणि व्यवहारात त्याला माझा आक्षेप नाही. परंतु मूळ 'वितंडा' म्हणजे स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा पक्ष खोडणे. अशा माणसाने घेतलेला आक्षेप अगदी बिनचूकही असू शकतो, म्हणून 'हा वितंडवाद आहे' एवढे म्हणून त्या आक्षेपाला उत्तर दिल्यासारखे होत नाही.