एक्स-रे नॉर्मल, तरी खांदा दुखतोच. मग हे मनाचं आहे का?

मधुमेहाच्या रुग्णांसोबत समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न माझ्या कानावर सतत येतो. बहुतेक वेळा रुग्ण तो विचारतच नाही, घरचे विचारतात. कर्वेनगरहून आलेल्या एका काकूंच्या बाबतीतही तसंच झालं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) खुर्चीत टेकता टेकताच काका म्हणाले, "मॅडम, फोटोत काही नाही. डावा हात म्हणून ईसीजीही काढला, तोही नॉर्मल. आता हिच्या मनातच काहीतरी असणार, म्हणून तुमच्याकडे आणलं."

काकू गप्प. डाव्या हाताचं कोपर उजव्या तळव्यात धरून बसलेल्या. वय पंचावन्नच्या पुढे, साखर बरीच वर्षं.

मी मनाबद्दल काहीच विचारलं नाही. "दिवसभरात कुठे कुठे अडतं?" एवढंच विचारलं. मग त्या बोलायला लागल्या. ब्लाउजचा मागचा हुक लागत नाही. वेणी घालायला हात डोक्यापर्यंत पोचत नाही. बाल्कनीतल्या वरच्या दोरीवर काठीने कपडे टाकायचे तर खांद्यातून अशी कळ येते की डोळ्यांपुढे अंधारी येते. बसमध्ये वरचा दांडा धरता येत नाही म्हणून मंडईत जाणं बंद. आणि रात्र तर नकोच. डाव्या कुशीवर वळल्या की जाग येते, मग पहाटेपर्यंत टक्क डोळे. शेवटी हळूच म्हणाल्या, "सगळे म्हणतात काही नाही झालेलं. आता मलाच वाटायला लागलंय, मी नाटक करतेय की काय."

हे वाक्य ऐकलं की मला फार वाईट वाटतं. दुखणं सोसायचं ते सोसायचं, आणि वर ते खरं आहे हे सिद्धही करत बसायचं.

निदान करणं माझं काम नाही. मी दोघांनाही ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे पाठवलं आणि काकांनी तपासणीच्या वेळी आतच थांबावं, असा आग्रह धरला. तिथे जे झालं ते पुढच्या भेटीत काकांनी स्वतः करून दाखवलं. डॉक्टरांनी काकूंचं कोपर बरगडीला चिकटवून ठेवायला सांगितलं आणि मनगट धरून हात बाहेरच्या बाजूला वळवला. उजवा सहज उघडला. डावा जरासा वळला आणि जागच्या जागी अडकला. काकूंनी हात अगदी सैल सोडला होता, जोर डॉक्टरांचा होता, तरीही. "हे नाटक करून जमणार नाही," काका मला म्हणाले. त्यांचा आवाज बदललेला होता.

निदान फ्रोजन शोल्डरचं निघालं. आपल्याकडे खांदा आखडणं म्हणतात ते. खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ, सैल आवरण असतं. या आजारात ते सुजतं, जाड होतं आणि आक्रसतं. एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, हे आवरण दिसत नाही, म्हणून फोटो स्वच्छ येतो. १९३४ साली बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी या दुखण्याची लक्षणं लिहून ठेवली, त्यातही दुखऱ्या बाजूवर झोपता न येणं आणि एक्स-रेत विशेष काही न सापडणं या दोन्ही गोष्टी आहेत. चाळीस ते साठ या वयात आणि बायकांमध्ये हे जास्त दिसतं. थायरॉइडच्या रुग्णांनाही होतं. पण मधुमेहींना सर्वांत जास्त: सर्वसाधारणपणे शंभरात दोन ते पाच जणांना होत असेल, तर मधुमेहींमध्ये दहा ते वीस जणांना.

खांदा दुखतो म्हणजे दरवेळी हेच, असं मात्र नाही. हात स्वतःहून वर जात नाही, पण दुसऱ्याने उचलला की जातो, असं असेल तर स्नायूची दोरी फाटल्याची शंका येते. मान वळवली की कळ कोपराखाली उतरते, बोटांना मुंग्या येतात, तेव्हा मूळ बहुधा मानेत असतं. पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, ताप, सांध्यावर लाली, यात वाट पाहू नये. आणि डाव्या हातासोबत छातीवर दाब, घाम, दम लागणं असेल तर खांद्याचा विचारही न करता १०८ला फोन करायचा. काकांनी ईसीजी काढला हे योग्यच केलं होतं.

उपचार डॉक्टरांनी ठरवले: वेदनाशामक गोळ्या, सांध्यात स्टेरॉइडचं एक इंजेक्शन, शेक आणि फिजिओथेरपी. इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढते, हे आधीच सांगितलेलं असल्यामुळे काकू घाबरल्या नाहीत, घरच्या मशीनवर मोजत राहिल्या. शेजारच्या कुणीतरी हात जोरात ओढून मोकळा करणाऱ्याचा पत्ता दिला होता. तिथे जाऊ नका, असं मी स्पष्ट सांगितलं. दुखण्याच्या पहिल्या टप्प्यात ओढाताण केली की वेदना भडकते. हात गळ्यात बांधून ठेवणंही नको, त्याने आखडणं वाढतं. पुढे वाकून हात लोलकासारखा हलवायचा, भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची, सोसेल तेवढंच, पण रोज.

माझं काम खरं तर घरातलं होतं. हे दुखणं एक ते तीन वर्षं चालू शकतं. आधी वेदना, मग ताठरपणा, मग हळूहळू सुटणं. एवढा काळ घरच्यांचा विश्वास नसेल तर माणूस व्यायाम सोडून देतो. म्हणून आम्ही तिघांनी बसून कामं वाटली. कपडे वाळत घालणं काकांकडे. वरच्या फळीवरचे डबे ओट्यावर. पुढून हुकाचे ब्लाउज शिवून घ्यायचे, बाहीत आधी दुखरा हात घालायचा, झोपताना त्या हाताखाली उशी. "मदत मागायला लाज वाटते हो," काकू म्हणाल्या. त्यावर काकांनी जे केलं ते मला सुचलं नसतं. त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर, काकूंची बोटं जिथवर पोचली तिथे पेन्सिलने रेघ मारली आणि तारीख लिहिली. दर रविवारी नवी रेघ. कधी महिनाभर ती जागची हलत नसे, काकू हिरमुसत, तेव्हा काका खालची पहिली रेघ दाखवत.

झोप आधी परतली. वेणी काही महिन्यांनी. हात पाठीमागे नेणं अजून पूर्ण जमत नाही, ते बहुधा सगळ्यांत उशिरा येतं. काही जणांना पुढे दुसऱ्या खांद्यातही हेच होतं, हे मी दोघांनाही सांगून ठेवलं आहे. उजव्या खांद्यात रात्रीची कळ सुरू झाली तर एक्स-रेची वाट न पाहता आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट सोबत घेऊन सरळ डॉक्टरांना गाठायचं, असं ठरलं आहे.