चौथ्या पानावर काय आहे?

ताई,
मी ओहायोतल्या एका लहान लिबरल आर्ट्स कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. सगळे मिळून सतराशे विद्यार्थी. गेल्या वर्षी आम्ही चौघी सतत एकत्र असायचो. या ऑगस्टमध्ये परत आले तर माझी रूममेट पार बदललेली. आता त्या तिघी वेगळ्या टेबलावर बसतात. डायनिंग हॉल एकच, त्यामुळे रोज समोरासमोर येतोच. मी हल्ली जेवण डब्यात भरून खोलीवर आणते. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात, काही लपत नाही. अभ्यासातही लक्ष नाही. सप्टेंबरच्या मध्यात अँथ्रोपॉलॉजीचा पहिला पेपर परत मिळाला, त्यात बी मायनस. पहिली तीन पानं नेमलेल्या वाचनाबद्दल होती. चौथ्यावर मी आजीच्या भिशीचं लिहिलं होतं, की समोर बँक असूनही बारा बायका वीस वर्षं भिशी चालवतात वगैरे. ते फार घरगुती झालं बहुतेक. प्राध्यापिकेने खाली 'प्लीज कम सी मी अबाउट पेज फोर' असं लिहिलं होतं, पण ते राहूनच गेलं. असो. मला आता मोठ्या युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घ्यायची आहे, जिथे चाळीस हजार मुलं असतील आणि मला कोणी ओळखणार नाही. आई-बाबांना हे कसं सांगू?
— खोलीवर जेवणारी

अगं,
तुझं पत्र बरंच मोठं होतं, इथे त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा छापला आहे. बाकीच्यात रूममेट कधी काय म्हणाली, कोणाच्या वाढदिवसाला तुला बोलावलं नाही, कुठल्या ग्रुपमधून न सांगता काढलं, हे सगळं तारीखवार आहे. आणि या सगळ्याच्या मधोमध एक ओळ आहे, जिच्यापुढे 'असो' लिहून तू मोकळी झालीस.

रूममेटबद्दल मी काही लिहिणार नाही. तिने तुला दुखावलं असेल. पण तुझ्या पत्रात आणखी एक बाई आहे. त्यांनी तुला आपणहून बोलावलं, तेही लेखी, आणि कशाबद्दल बोलायचं आहे हेसुद्धा सांगितलं. आज ऑक्टोबर संपत आला. सहा आठवडे झाले, तू त्यांच्याकडे फिरकली नाहीस. सेमिस्टर असतं चौदा-पंधरा आठवड्यांचं. आपल्याला कोणी विचारत नाही म्हणून रडायचं आणि जिने विचारलं तिच्याकडे पाठ फिरवून बसायचं, हे मला अजिबात पटलेलं नाही.

का गेली नाहीस ते मात्र कळतं. आपल्याकडे बाईंनी बोलावलं म्हणजे काहीतरी चुकलेलं असतं. स्टाफरूमच्या दाराशी मान खाली घालून उभं राहायचं आणि 'उद्या पालकांना घेऊन ये' ऐकायचं. बारावीपर्यंत हेच अंगवळणी पडलेलं. त्यामुळे तो शेरा वाचताच पोटात गोळा आला असेल आणि पेपर फाइलच्या तळाशी गेला असेल. आता तो बाहेर काढ आणि पुन्हा वाच. रागवायला बोलावलं असतं तर 'पेज फोर' कशाला लिहिलं असतं? नकलेचा संशय असला तर सहसा असा शेरा येत नाही, रीतसर ईमेल येतो आणि प्रकरण बऱ्याचदा डीनच्या ऑफिसात जातं. नापास होण्याची वेळ आली तर सहसा त्याची वेगळी सूचना निघते आणि ती तुझ्या ॲडव्हायझरलाही कळते. पेपरच्या शेवटी हाताने लिहिलेलं 'येऊन भेट' म्हणजे बहुतेक वेळा एवढंच की हे वाचून मला काहीतरी सुचलंय, तुझ्याशी बोलायचंय.

तू ज्या प्रकारच्या कॉलेजात आहेस ते उभंच या गोष्टीवर आहे. तिथे सहसा पीएचडी करणारी मुलं नसतात, त्यामुळे पेपर टीचिंग असिस्टंटकडे जात नाहीत. तुझं ते चौथं पान प्राध्यापिकेने स्वतः वाचलं, आणि वर्गात तुम्ही पंधरा-वीस जणं असाल तर ते कोणी लिहिलं हेही त्यांच्या लक्षात आहे. ग्रिनेल कॉलेजात पहिल्या सत्रात ट्युटोरियल शिकवणारे प्राध्यापकच मेजर, म्हणजे मुख्य विषय, ठरेपर्यंत विद्यार्थ्याचे ॲडव्हायझर असतात. विल्यम्स कॉलेजात ट्युटोरियल म्हणजे दोन विद्यार्थी, समोर एक प्राध्यापक, दर आठवड्याला. तुझ्याच राज्यातल्या वूस्टर कॉलेजात शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थी एका प्राध्यापकाच्या हाताखाली वर्षभर स्वतंत्र प्रकल्प करतो. तुमच्याकडे नावं वेगळी असतील, पण गाभा हाच. लोक एवढी फी भरून लहान कॉलेजात जातात ते समोरासमोर बसून होणाऱ्या या बोलण्यासाठी, आणि तू नेमकं तेच टाळलंस.

आता चौथं पान. 'फार घरगुती झालं' म्हणतेस. क्लिफर्ड गीर्ट्झ या मानववंशशास्त्रज्ञाने 1962 साली भिशीसारख्या मंडळांवरच निबंध लिहिला. इंडोनेशियात भिशीला अरिसान म्हणतात, मेक्सिकोत तांदा, पश्चिम आफ्रिकेत सुसू. गीर्ट्झचं म्हणणं असं की ही मधली पायरी आहे. शेतीवर जगणारा समाज पैशाच्या व्यवहाराला सरावत जातो, पुढे बँका येतात आणि अशा मंडळांची गरज संपते. दोनच वर्षांनी, 1964 मध्ये, शर्ली आर्डनर यांनी वेगवेगळ्या देशांतल्या अशा मंडळांची तुलना मांडली. तेव्हापासून या विषयावर लिहिणं थांबलेलं नाही. आणि तू काय लिहिलंस? बँक समोर आहे आणि तरी भिशी वीस वर्षं चालू आहे. गीर्ट्झने ज्याचा शेवट होईल म्हटलं ते तुझ्या आजीच्या घरात दर महिन्याला घडतंय.

हिशेब मांडून बघ. बारा जणी, समजा दर महिन्याला हजार रुपये. पहिल्याच महिन्यात जिची चिठ्ठी निघाली तिच्या हातात बारा हजार आले आणि तिने घातला फक्त एक हजार. उरलेले अकरा हप्ते तिने बुडवले तर? तारण नाही, सही नाही, कोर्टात न्यायला कागद नाही. तरी ती भरते. आणि जिची चिठ्ठी शेवटी निघते तिला वर्षभर पैसे घालून तेवढेच परत मिळतात. समोरच्या बँकेत ठेवले असते तर थोडं व्याज तरी मिळालं असतं. मग ती का टिकून राहते? या दोन प्रश्नांवर अर्थशास्त्रज्ञही डोकं खपवत आलेत. तुझी प्राध्यापिका हे सगळं जाणते. बी मायनस बहुधा पहिल्या तीन पानांच्या सारांशामुळे आला. बोलावणं आलं ते जिथे सारांश संपला आणि तू बोलायला लागलीस त्या पानासाठी.

तेव्हा करायचं एकच. येत्या आठवड्यातल्या त्यांच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटायला राखून ठेवलेल्या वेळेत, जायचं.

वेळ आणि खोली सहसा सिलॅबसच्या पहिल्या पानावर असते. नावनोंदणीचे स्लॉट असतील तर सगळ्यात शेवटचा घे, म्हणजे बाहेर कोणी ताटकळत नसतं आणि बोलणं अर्ध्यात तुटत नाही. ती वेळ दुसऱ्या वर्गाशी भिडत असेल तर 'कधी येऊ?' असं विचारू नकोस, आपल्या तीन मोकळ्या वेळा कळव. आदल्या दिवशी ईमेल टाक, चार ओळींचा. 'रिस्पेक्टेड मॅम' नको, 'डिअर प्रोफेसर' आणि आडनाव. पहिल्या पेपरवर तुम्ही चौथ्या पानाबद्दल भेटायला सांगितलं होतं, यायला उशीर झाला याबद्दल माफ करा, उद्या ऑफिस अवर्सना येते आहे. संपलं. उशीर का झाला याची कहाणी लिहायची नाही. रूममेटचं तर नावसुद्धा नको. माफी ईमेलमध्ये एकदा मागितलीस की खोलीत पुन्हा मागायची नाही, नाहीतर पहिली पाच मिनिटं त्या तुला धीर देण्यातच घालवतील.

त्यांच्या शेऱ्यांसकट पेपर घेऊन जा. ऑनलाइन परत आला असेल तर प्रिंट काढ. फोनवर दाखवायला लागलीस तर दोघी स्क्रीनवर पान शोधत बसाल. घरून निघण्याआधी चौथं पान दोनदा वाच आणि समासात पेन्सिलीने तुझा स्वतःचा एक प्रश्न लिही. दार अर्धवट उघडं असेल तर टकटक करून आत जा. आत कोणी असेल तर त्यांना दिसशील अशी बाहेर उभी राहा. 'बिझी दिसतायत' म्हणून परत फिरायचं नाही. या भेटींतल्या निम्म्या तिथेच वाया जातात, दारापासून दहा पावलांवर.

आत बसलीस की पहिलं वाक्य तुझं असू दे: 'तुम्ही चौथ्या पानाबद्दल म्हणाला होतात, तुम्हाला तिथे काय दिसलं?' मग थांब. ग्रेडचा विषय या भेटीत काढायचा नाही. ग्रेडने सुरुवात झाली की त्यांना वाटतं तू गुण वाढवून मागायला आलीस, आणि मग बोलणं सावध होतं. दुसरी चूक म्हणजे प्रत्येक वाक्याला मान डोलावणं. आपल्याकडे तो आदर, त्यांना मात्र कळत नाही की तुला समजलंय की तू नुसती हो म्हणतेयस. काही कळलं नाही तर तिथल्या तिथे 'हे पुन्हा सांगाल का' म्हण. आणि बोलता बोलता त्या गप्प झाल्या तर 'थँक यू' म्हणून उठू नकोस. त्या विचार करत असतात, तूही कर.

पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ झाली. निघताना विचार, 'यावर पुढे काय वाचू?' त्या एक-दोन नावं सांगतील, स्पेलिंग विचारून लिहून घे. बाहेर पडल्यावर पहिल्या बाकावर बस आणि आठवतंय ते सगळं दहा मिनिटांत उतरवून काढ. संध्याकाळपर्यंत त्यातलं निम्मं विसरलेलं असतं. लेख तुमच्या लायब्ररीत नसला तर इंटरलायब्ररी लोनने, म्हणजे दुसऱ्या लायब्ररीतून, मागव. लेखाची स्कॅन प्रत बहुधा काही दिवसांतच ईमेलने येते.

आणि दोन आठवड्यांनी ते वाचून पुन्हा जा. पहिल्यांदा तू त्यांनी बोलावलं म्हणून जाशील. दुसऱ्यांदा न बोलावता गेलीस की त्या तुला गंभीरपणे घ्यायला लागतात. तिथून बरंच काही सुरू होऊ शकतं. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत साधारण मेजर जाहीर करावा लागतो आणि त्यासाठी त्या विभागातला एक ॲडव्हायझर लागतो. उन्हाळ्यात प्राध्यापकांच्या संशोधनात मदतनीस हवे असतात, आणि पीएचडीची मुलं नसल्याने ते काम तुमच्यासारख्यांनाच मिळतं. पैसे मिळणार असतील तर आधी इंटरनॅशनल ऑफिसला विचार, कारण एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांचीच मुभा आहे, सुट्टीत जास्त.

ट्रान्सफरचं म्हणशील तर बऱ्याच ठिकाणी अर्जासोबत तुला शिकवलेल्या प्राध्यापकाचं शिफारसपत्र लागतं. आज ते कोण लिहील? काही मोठ्या सरकारी युनिव्हर्सिट्या पत्र मागत नाहीत, पण परदेशी ट्रान्सफर विद्यार्थ्यांना आर्थिक मदत फार थोड्या ठिकाणी मिळते, सगळी क्रेडिट्स मानली जातीलच असं नाही, आणि सेव्हिस रेकॉर्ड (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) हलवून नवा आय-ट्वेंटी (व्हिसासाठी कॉलेजाने दिलेला दाखला) घ्यावा लागतो. तिथल्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या वर्गात कित्येकदा तीनशे मुलं असतात आणि पेपर असिस्टंट तपासतो. तुला कोणी ओळखणार नाही, हे अगदी बरोबर. तुझी आजीही तिथे कोणाच्या लक्षात राहणार नाही. पुढच्या ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या सत्रासाठीचे बहुतेक ट्रान्सफर अर्ज मार्चच्या सुमारास भरायचे असतात, तोवर वेळ आहे. आई-बाबांना आत्ता काही सांगू नकोस, सांगण्यासारखं अजून घडलेलंच नाही.

डबा भरून खोलीवर जेवायचं तर जेव, त्याने काही बिघडत नाही.

भेटीच्या आदल्या रात्री नऊ वाजता आजीला फोन कर. तिच्याकडे तेव्हा सकाळचे साडेसहा वाजलेले असतील, ती उठलेली असेल. तिला विचार की या वीस वर्षांत कोणाचा हप्ता चुकला होता का, आणि चुकला तेव्हा बाकीच्या अकरा जणींनी काय केलं. चिठ्ठी काढतं कोण, तेही विचार. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत, मराठीत, चौथ्या पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून घे. प्राध्यापिका तुला सगळ्यात आधी हेच विचारणार आहेत.