वाचकांचे प्रश्न : जागतिक आधुनिकतावादी साहित्याचे संशोधन आणि अध्यापन

प्रश्न : इंग्रजी साहित्य घेऊन मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील कविता आणि कादंबऱ्या मला मनापासून आवडतात. पुढे त्यांच्यावरच संशोधन करावे आणि शिकवावे, असे वाटते. अलीकडे ‘जागतिक आधुनिकतावाद’ हे नाव वारंवार कानांवर येते. परंतु जगभरच्या साहित्याचा अभ्यास एका माणसाने करायचा तरी कसा, आणि अशा संशोधकाचे प्रत्यक्ष काम काय असते?

उत्तर : जगभरचे साहित्य कोणीच वाचून पुरे करू शकत नाही आणि या क्षेत्रात तशी अपेक्षाही नसते. पुष्कळ वर्षे आधुनिकतावाद, म्हणजे रूढ साहित्यरूपे मोडून नवे प्रयोग करणारे लेखन, म्हटले की लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क अशी मोजकी शहरे आणि साधारण 1890 ते 1940 हा काळ डोळ्यांपुढे येत असे. कादंबरीकार जेम्स जॉइस आणि व्हर्जिनिया वुल्फ, कवी टी. एस. एलियट आणि एझरा पाउंड मध्यभागी, तर बाकीचे सारे त्यांचे अनुयायी, अशी मांडणी पाठ्यपुस्तकांतून रुजली होती. 1994 मध्ये ‘मॉडर्निझम/मॉडर्निटी’ हे नियतकालिक निघाले आणि पुढच्या दीड दशकात ही मांडणी ढिली झाली. 2008 मध्ये डग्लस माओ आणि रिबेका वॉकोवित्झ यांनी ‘पीएमएलए’ या अमेरिकेतील साहित्य-अभ्यासाच्या नियतकालिकातील लेखात हा अभ्यास काळाच्या, भूगोलाच्या आणि अभिजात व लोकप्रिय यांमधील भेदाच्या अशा तिन्ही अंगांनी कसा विस्तारत आहे, हे दाखवले. आज ‘जागतिक’ हे विशेषण लावले जाते, ते या विस्ताराला धरून.

प्रत्यक्ष काम कसे असते, ते एका उदाहरणावरून पाहा. हॅरिएट मन्रो यांनी 1912 मध्ये शिकागोत सुरू केलेल्या ‘पोएट्री’ मासिकाचे सुरुवातीचे अंक ‘मॉडर्निस्ट जर्नल्स प्रोजेक्ट’ या जुन्या मासिकांच्या डिजिटल संग्रहात कोणालाही विनामूल्य पाहता येतात. त्यांतील डिसेंबर 1912 च्या अंकात रवींद्रनाथ टागोरांच्या इंग्रजी गद्यकविता आहेत. एलियटची ‘प्रूफ्रॉक’ ही कविता त्याच मासिकात आली ती जून 1915 मध्ये. मासिकाचा परदेशी प्रतिनिधी म्हणून दोघांचीही कविता तिथवर पोहोचवण्यात एझरा पाउंडचा हात होता. आधी पश्चिम आणि मागाहून उरलेले जग, हा क्रम या पानांवर टिकत नाही. मग संशोधक पुढचे प्रश्न विचारू लागतो : कविता कोणी आणली, कोणत्या रूपात आणली, शेजारी काय छापले, संपादकाने तिची ओळख कशी करून दिली आणि त्या ओळखीमुळे वाचकाने तिच्यात काय पाहिले नाही? या प्रश्नांची उत्तरे पत्रव्यवहारात, हस्तलिखितांत, हिशेबाच्या वह्यांत आणि मासिकांच्या जाहिरातींत दडलेली असतात, आणि ती शोधण्यात वर्षे जातात.

म्हणून माझा आग्रह असा, की विषय निवडताना नकाशा मोठा करू नका, मुळे खोल जाऊ द्या. एक भाषा, एक शहर किंवा एक मासिक पक्के धरावे आणि तेथून ज्या दुसऱ्या ठिकाणी लेखन, अनुवादक किंवा माणसे खरोखर गेली, तेथवर जावे. पाच देशांतील पाच कादंबऱ्या केवळ ‘तुटलेपणाची जाणीव’ समान आहे म्हणून एकत्र बांधणारा प्रबंध परीक्षकांपुढे फार काळ उभा राहत नाही.

प्रश्न : मला मराठी आणि इंग्रजी या दोनच भाषा उत्तम येतात. चिनी कथाकार लू शुन, पेरूचा कवी वाय्येहो, अरबी मुक्तछंदाचे कवी हे सारे मी अनुवादातूनच वाचले आहेत. एवढ्या बळावर या क्षेत्रात संशोधन करता येईल का?

उत्तर : शिकवता निश्चित येईल, संशोधनासाठी मात्र अनुवादाची मर्यादा कोठे आडवी येते, हे आधी ओळखायला हवे. लू शुन यांची 1918 मधील ‘वेड्याची रोजनिशी’ ही कथा घ्या. आरंभी एक छोटी प्रस्तावना आहे. निवेदक म्हणतो, की आपल्या जुन्या शाळासोबत्याच्या आजाराची वार्ता ऐकून आपण गेलो, तर तो बरा होऊन सरकारी नेमणुकीच्या प्रतीक्षेत परगावी गेला असल्याचे त्याच्या थोरल्या भावाने सांगितले आणि आजारपणातील रोजनिशी हाती ठेवली. पुढे रोजनिशी सुरू होते आणि आजूबाजूची माणसे माणसांना खातात, सदाचाराच्या गोष्टी सांगणाऱ्या इतिहासग्रंथाच्या ओळींमध्येही हेच लिहिले आहे, अशी त्या माणसाची खात्री पटत जाते. मूळ चिनीत प्रस्तावना जुन्या अभिजात लेखनभाषेत आहे आणि रोजनिशी बोलीच्या जवळ जाणाऱ्या नव्या भाषेत. म्हणजे ज्या व्यवस्थेला तो नरभक्षक म्हणतो, तिचीच भाषा त्याला ‘बरा’ ठरवते आणि तिच्याच नोकरीत परत पाठवते. कथेचा सगळा घाव भाषेच्या या सांध्यात आहे. बहुतेक अनुवादांत दोन्ही भाग जवळपास एकाच वळणाच्या भाषेत येतात आणि सांधा बुजतो. अनुवाद वाचून कथेच्या शैलीवर प्रकरण लिहिणारा अभ्यासक कितीही हुशार असला, तरी त्याच्या हातून हे निसटणारच.

तेव्हा तिसरी एक भाषा वाचण्यापुरती तरी शिका आणि ती प्रबंधाच्या आधीच सुरू करा. नंतर वेळ मिळत नाही. पण तुमची पहिली भाषा हे भांडवल नाही, असे समजू नका. बा. सी. मर्ढेकरांची ‘रात्रीचा दिवस’ ही संज्ञाप्रवाही कादंबरी 1942 ची, त्यांच्या ‘काही कविता’ 1947 च्या. मराठी मुळातून वाचू शकणारा आणि इंग्रजीतील समीक्षाव्यवहारही जाणणारा अभ्यासक या विषयाच्या कोणत्याही परिषदेत दुर्मीळच असतो. तुमच्याजवळ जे आधीच आहे, त्यावर संशोधन उभे करण्यात कमीपणा नाही.

प्रश्न : माझा प्रबंध वर्षभरात पूर्ण होईल. नोकरीच्या जाहिराती पाहताना ‘जागतिक आधुनिकतावाद’ असे नाव असलेली जागा जवळजवळ दिसतच नाही. मी चुकीच्या वाटेला लागले आहे का?

उत्तर : वाट चुकीची नाही, परंतु अरुंद आहे, आणि ही गोष्ट मार्गदर्शकांनी विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी सांगायला हवी. जागा निघतात त्या विभागांच्या गरजेप्रमाणे : विसाव्या शतकातील इंग्रजी साहित्य, तुलनात्मक साहित्य, उत्तरवसाहतवादी साहित्य किंवा एखाद्या भाषेचा विभाग. त्यामुळे आपले काम यांपैकी किमान दोन विभागांना आपले वाटेल, अशा रीतीने अर्जात मांडावे. प्रबंध तोच असतो. कोणत्या प्रकरणाला पुढे आणायचे, एवढेच बदलते. सर्वेक्षणात्मक अभ्यासक्रम आणि निबंधलेखनाचे वर्ग शिकवण्याची तयारीही दाखवावी, कारण नव्या प्राध्यापकाचा बहुतेक वेळ त्यातच जातो.

ब्रिटनमध्ये पीएच.डी. साधारण तीन ते चार वर्षांत होते. अमेरिकेत आधी अभ्यासक्रम आणि पात्रता परीक्षा असल्यामुळे सहा वर्षे किंवा अधिकही लागतात. त्यानंतर अनेकांच्या वाट्याला कंत्राटी अध्यापनाची किंवा अल्पमुदतीच्या संशोधनवृत्तीची काही वर्षे येतात. म्हणून या विषयाच्या पीएच.डी.साठी कोणी कर्ज काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पूर्ण वृत्ती मिळत असेल तरच प्रवेश घ्यावा. तुम्ही आता शेवटच्या टप्प्यात आहात, तर एक प्रकरण लेखाच्या रूपात लगेच एखाद्या नियतकालिकाकडे पाठवा. परीक्षकांचे अभिप्राय यायला अनेक महिने लागतात, आणि अर्ज करताना स्वीकृत लेख हाती असणे फार मोलाचे ठरते. शिफारसपत्र देणाऱ्यांमध्ये तुमच्या तिसऱ्या भाषेतील साहित्याची जाणकार व्यक्ती असावी, हेही पाहा. नेमकी तीच व्यक्ती पुष्कळांच्या यादीत नसते.

प्रश्न : मी या विषयाचा एका सत्राचा अभ्यासक्रम शिकवतो. दर आठवड्याला एक देश आणि एक लेखक, अशी रचना केली होती. विद्यार्थ्यांना ती धावती सफर वाटली. काय बदलावे?

उत्तर : देशागणिक प्रतिनिधी ही कल्पनाच सोडून द्यावी. निम्म्या कृती ठेवा आणि त्यांच्यामधील दुव्यांना वेळ द्या.

आरंभासाठी 1922 हे वर्ष चांगले आहे. 2 फेब्रुवारीला पॅरिसमध्ये जॉइसची ‘युलिसिस’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. त्याच महिन्यात साओ पावलोच्या नाट्यगृहात ब्राझीलच्या तरुण कवी-चित्रकारांनी ‘आधुनिक कला सप्ताह’ भरवला. त्याच वर्षी पेरूची राजधानी लिमा येथे सेसार वाय्येहोचा ‘त्रिल्से’ हा कवितासंग्रह आला, ज्यातील काही कविता त्याने तुरुंगात लिहिल्या होत्या. मात्र वर्ष एक म्हणून कारणही एक, असे विद्यार्थ्यांना वाटू देऊ नका. ब्राझीलच्या स्वातंत्र्याला त्या वर्षी शंभर वर्षे होत होती आणि तेथील मंडळींना राष्ट्राची नवी साहित्यभाषा घडवायची होती; तुरुंगातून सुटलेल्या वाय्येहोचे दुखणे वेगळे होते.

यानंतर एलियटची ‘द वेस्ट लँड’ ही दीर्घ कविता दोन रूपांत वाटा. ऑक्टोबर 1922 च्या ‘क्रायटेरियन’ या एलियटच्याच नियतकालिकात ती टिपांशिवाय आली, त्याच्या स्वतःच्या टिपा जोडल्या गेल्या त्या वर्षाअखेरीस न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या पुस्तकात. वर्गातील अर्ध्या मुलांना टिपा द्या, अर्ध्यांना देऊ नका, आणि शेवटच्या भागावर दोन्ही गटांना बोलू द्या. तेथे मेघगर्जनेचे तीन आदेश ‘दत्त, दयध्वम्, दम्यत’ या क्रमाने येतात. बृहदारण्यकोपनिषदात प्रजापती प्रथम देवांना ‘दम्यत’ म्हणजे संयम सांगतो, मग माणसांना दान आणि शेवटी असुरांना दया. हार्वर्डमध्ये चार्ल्स लॅनमन यांच्याकडे संस्कृत शिकलेल्या एलियटने हा क्रम बदलून संयमाला अखेरीस नेले. दानापासून संयमापर्यंत जाणारी कविता आणि संयमापासून दयेपर्यंत जाणारी उपनिषदातील कथा यांत काय अंतर पडते, यावर एक संपूर्ण तास देता येईल. ज्या कृतीला आधुनिकतावादाचे केंद्र मानले जाते, तिच्या पोटातच दूरचा ग्रंथ आहे आणि तो बदलून आला आहे, हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसू द्या.

सत्राचा उत्तरार्ध 1947 कडे न्या. इजिप्तमधील कॉलऱ्याच्या साथीवर इराकी कवयित्री नाझिक अल-मलाइका यांनी ‘कॉलरा’ ही कविता जुन्या अरबी वृत्ताचे बंध मोडून लिहिली, ती त्या वर्षी; त्यांचे समकालीन बद्र शाकिर अस-सय्याब हे एलियटचे वाचक. 1890 ते 1940 या जुन्या कालखंडाच्या चौकटीत या कविता ‘उशिरा’ आलेल्या ठरतात. उशीर कोणाच्या घड्याळाप्रमाणे, या प्रश्नावर विद्यार्थ्यांना अखेरचा निबंध लिहायला सांगा.

प्रश्न : प्रबंधाचे पुस्तक होत आहे. त्यात कवितांची मोठी अवतरणे आणि काही अप्रकाशित पत्रे आहेत. परवानगी कोणाकडून घ्यावी?

उत्तर : युरोपात साधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षे लेखनाचा हक्क (कॉपीराइट) राहतो. जॉइस आणि वुल्फ 1941 मध्ये वारले, म्हणून त्यांचे हयातीत छापलेले लेखन तेथे 2012 पासून मुक्त, म्हणजे परवानगीशिवाय वापरता येणारे, आहे. एलियटचा मृत्यू 1965 चा, त्यामुळे त्याच्या कवितांवर तेथे 2035 अखेरपर्यंत हक्क चालेल. अमेरिकेत मात्र 1922 मध्ये छापलेली ‘द वेस्ट लँड’ केव्हाच मुक्त झाली आहे. तेव्हा पुस्तक कोणत्या देशांत विकले जाणार, हे प्रकाशकाला आधी विचारा. पत्रांच्या बाबतीत कागद ग्रंथालयाच्या मालकीचा असला, तरी मजकुराचा हक्क सहसा वारसांकडे असतो. त्यामुळे दोन्ही ठिकाणी स्वतंत्र पत्रे पाठवावी लागतात. अनुवादकाचा हक्क मूळ लेखकाहून वेगळा असतो, हेही ध्यानात ठेवा. उत्तरे यायला वेळ लागतो आणि शुल्कही आकारले जाऊ शकते, म्हणून पुस्तकाचा करार झाला की लगेच यादी करून लिहायला लागा आणि आलेले प्रत्येक उत्तर जपून ठेवा.